दार उघडल्याचा आवाज

"बाकी काय हवं ते काप," सुन्ना आत्या म्हणाली होती. "कुत्र्याचं भुंकणं काप, माझ्या भावाचा खोकला काप. दाराचा आवाज तेवढा राहू दे."

रिस्तेनने मान वर करूनही बघितलं नव्हतं. एका कानाला हेडफोन, मांडीवर तीन महिन्यांची इंगा दुधाच्या गुंगीत, आणि समोरच्या पडद्यावर बाबांचा आवाज बारीक बारीक रेघांत पसरलेला. दुसरा कान तिने इंगाच्या श्वासासाठी मोकळा ठेवला होता. आत्यासाठी त्यात जागा उरली नव्हती.

"आत्या, तो नुसता खडखडाट आहे. लोकांना वाटेल यंत्र बिघडलंय."

"लोकांना वाटेल ते वाटू दे. तुझा बाप का थांबला ते त्या खडखडाटात आहे."

"बरं बरं," रिस्तेन म्हणाली. म्हाताऱ्या माणसांना म्हणतात तसं. आणि आत्या नेहमीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकायला वळली, तेवढ्यात तिने दार कापून टाकलं.

ती कॅसेट बावीस वर्षांपूर्वीची. रिस्तेन तेव्हा नऊ वर्षांची होती आणि घरात नवीन टेपरेकॉर्डर आला होता. बाबा चुलीपाशी बसून शिंगाची कडी तासत होते आणि तासता तासता इस्सातला गात होते. इस्सात तिचा धाकटा भाऊ, पाच वर्षांचा. कुत्र्याला बांधायला म्हणून बाहेर गेला होता आणि अजून आला नव्हता. आमच्याकडे योइक, म्हणजे माणसाचं गाणं, कुणाविषयी नसतं. इस्सातचं योइक म्हणजे इस्सातच. ते गायला लागलं की तो जवळ येतो, मग तो नदीपलीकडे असो की मातीखाली. त्याला सुरुवात नसते की शेवट नसतो. गाणारा कुठूनही आत शिरतो आणि वाटेल तिथे तोडून बाहेर पडतो. त्या दिवशी बाबांनी मध्येच तोडलं, कारण दार खडखडलं आणि आत्याचे मोठ्ठे बूट घालून इस्सात उंबऱ्यात उभा राहिला. "काय झालं?" त्याने विचारलं. बाबा हसले. ते हसू अर्धंच कॅसेटवर आलं, कारण रिस्तेनने बटण दाबलं.

चार वर्षांनी बाबा नदीच्या बर्फाखाली गेले. त्यांचा आवाज म्हणून तेवढाच उरला.

रिस्तेन दक्षिणेत जाऊन कला शिकून आली होती. शिकून परत आलेल्या माणसाला गावात जरा वेळ कोपऱ्यातच बसवतात, तसं तिलाही बसवलं. पण तिचे हात आत्याच्या हाताखाली घडलेले. पट्टे विणावेत तर तिनेच, आणि कातडं कमवताना विलोच्या झाडाची साल किती दिवस उकळायची हे तिला वासावरून कळायचं. त्या हातांनी तिने हे प्रदर्शन उभं केलं. अकरा माणसांची योइकं, अकरा पाळणे. आमचे पाळणे म्हणजे चामड्याच्या झोळ्या, वर टोपरं, पुढून नाड्या. तिने रेनडिअरच्या कातड्याचे पाळणे शिवले आणि प्रत्येक घराण्याच्या नक्षीचा पट्टा विणून त्यांना छपराला टांगलं. बाळाच्या जागी लहानसा स्पीकर ठेवला. येणाऱ्याने वाकून टोपऱ्यात डोकं घालायचं आणि एक माणूस ऐकायचा.

"क्युरेटर म्हणजे काय गं?" आत्याने विचारलं होतं.

"दुसऱ्यांच्या गोष्टी निवडून, नीट मांडून ठेवणारी."

"ते मी चाळीस वर्षं करतेय. मला बघायला कुणी तिकीट काढलं नाही."

स्पीकर दिवसभर वाजणार, म्हणून प्रत्येक योइकचा शेवट सुरुवातीला जोडायचा होता. बाकी दहा जुळली. बाबांचं मात्र तुटलेलं. म्हणून तिने शेवटाकडे त्यांचा आवाज हळूहळू बारीक करत नेला, अगदी ऐकू येईनासा होईपर्यंत, आणि मग पुन्हा हळूहळू वर आणला. तिला तो जोड फार सुंदर वाटला. ऐकताना तिचे डोळे भरून आले होते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शहरात उद्घाटन झालं. इस्सात तीनशे किलोमीटर गाडी हाकत आला. कळप एका शेजाऱ्यावर टाकून. जानेवारीत पठारावर पाऊस पडला होता आणि पाठोपाठ कडाक्याची थंडी. बर्फाखाली, जमिनीला चिकटून, बोटभर जाडीचा काचेसारखा थर धरला होता. रेनडिअर खुरांनी उकरतात, थरापर्यंत पोचतात आणि थांबतात. खालच्या दगडफुलाचा वाससुद्धा वर येत नाही. "कुरणाला कुलूप लागलंय," इस्सात म्हणाला, सहज, हवापाणी सांगावं तसं. त्याने ठेवणीतला निळा अंगरखा घातला होता. त्याला धुराचा आणि डिझेलचा वास येत होता आणि कंबरपट्टा दोन भोकं आत गेला होता. पट्टा रिस्तेनच्या नजरेतून सुटला नाही. पण त्याच वेळी इंगाच्या गालावर लाल चट्टा उठत होता, आणि तिचं लक्ष तिकडे गेलं.

एका बाईने इस्सातला गाठून, आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही ते गोड आवाजात विचारलं, "तुमच्याकडे रेनडिअर किती?"

"तुमच्या यजमानांच्या डोक्यावर केस किती उरलेत, ते आधी तुम्ही सांगा."

बाई हसली, यजमान हसले नाहीत. रिस्तेनने त्याला कोपर मारलं. कितीतरी दिवसांनी दोघं एकदम हसले.

मग तो आपल्या पाळण्यापाशी गेला. बाबांच्या नक्षीचा पट्टा त्याने आधी हाताने चाचपला, मग वाकून टोपऱ्यात डोकं घातलं. रिस्तेन लांबून बघत होती. योइक दोन मिनिटांचं. तो एकदा ऐकेल, दोनदा ऐकेल. तो पाच वेळा ऐकेपर्यंत वाकलेला राहिला. मागे लोक रांग धरून उभे राहिले होते.

बाहेर गाडीपाशी ती त्याच्यामागून गेली. इंगा तिच्या कोटात रडत होती.

"कसं वाटलं?"

"शिवण चांगली आहे."

"इस्सात."

त्याने गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला घेतला. खरवडता खरवडता म्हणाला, "ताई, मी येतच नाही त्यात."

"म्हणजे?"

"बाबा बोलावतायत. बोलावतायत. मग दमतात, गप्प होतात. परत बोलावायला लागतात. मी येतच नाही."

तिने त्याला जवळ घ्यायला हवं होतं. तिने समजावून सांगितलं. योइकला शेवट नसतो, तेच तर तिने दाखवलं आहे, ते एक वर्तुळ आहे, आतल्या एका समीक्षकाने नेमकं तेच हेरलंय, वगैरे.

"असेल," तो म्हणाला. "तू शिकलेली आहेस."

तेवढ्यात आतून हाक आली. फोटो काढायचा होता, क्युरेटरबाई कुठे आहेत. दूध उतरून तिचा सदरा भिजला होता. "थांब हं, पाच मिनिटांत आले, कॉफी घेऊ," असं म्हणून ती आत गेली. ती बाहेर आली तेव्हा बर्फात चाकांच्या खुणा होत्या.

त्यानंतर तिने कलादालनाला फोन करून सांगितलं की बाबांचं योइक बदलायचं आहे. कापलेलं सगळं तिने जपून ठेवलं होतं. आठ दिवसांत खोकला, कुत्रं, दार, बूट, "काय झालं?" आणि अर्धं हसू, सगळं परत पाळण्यात गेलं. तिला वाटलं, झालं, निस्तरलं. आमच्या शिकलेल्या लोकांची ही एक खोड आहे, चूक वस्तूत झाली असं आम्ही धरून चालतो.

"दार परत घातलंय," तिने फोनवर सांगितलं.

"कुठलं दार?"

"तुझं."

फोनमधून वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "ते तिकडे शहरात वाजणार ना, ताई. इथे दार वाजलं की वाराच असतो."

मार्चमध्ये त्याने बाहेरून चारा मागवला. उपाशी जनावराच्या पोटाला एकदम गवत सोसत नाही, हे त्यालाही माहीत होतं. पण समोर उभं राहून मरताना बघवत नाही. गाभण माद्या आधी गेल्या. "पोट भरलेलं होतं गं," तो म्हणाला. "टम्म भरलेलं. उपाशीच मेल्या." रिस्तेनने फोन खांद्याशी धरून इंगाच्या तोंडात चमचा घातला आणि ती गिळते का ते बघत राहिली.

मग तो फोन आला. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन, इंगा जमिनीवर पालथी पडून सरकायचा प्रयत्न करत होती. इस्सातचा आवाज मोकळा होता. कित्येक आठवड्यांत इतका मोकळा नव्हता.

"इंगाचं योइक केलंस का?"

"वेळ कुठेय? तूच कर ना. मामा आहेस, फुकटचा मान मिरवतोस."

"बाबांनी माझं मी चालायच्या आत केलं होतं."

"मग कर की. ये आणि कर."

"बघू." आणि मग, "ताई, माझी कानखूण इंगाला दे. कागदावर तिच्या नावाने करून टाक. मी सही करून पाठवतो."

कळपातल्या प्रत्येक जनावराच्या कानावर मालकाच्या चाकूची खूण असते. दोन कान, ठरलेले छेद, जगात एकाच माणसाचे. बाळ जन्मलं की त्याला खूण द्यायची आणि एखादी पाडी द्यायची, ही मामाकाकांची रीतच. बारशाला इस्सात बर्फात अडकला होता, ते राहूनच गेलं होतं. रिस्तेनला भरून आलं. मरणाच्या हंगामात या वेड्याला भाचीचं बारसं आठवतंय.

"अय्या, खरंच?" ती म्हणाली. "आणि मग तू काय करशील?"

"मला आता कुठे चाकू लागतोय."

ती हसली. थट्टाच वाटली तिला. "थँक्यू हं मामा," तिने इंगाचा हात फोनजवळ हलवला. "मामाला थँक्यू म्हण." पलीकडून तो दोन सूर गुणगुणला, कशाचे ते कळलं नाही, आणि फोन बंद झाला.

हे तिने आत्याला सांगितलं ते तिसऱ्या दिवशी, कौतुकाने, वाळलेलं मांस कापता कापता. तोवर पठारावर वादळ सुरू झालं होतं.

आत्याचा चाकू थांबला. "कुठली खूण?"

"त्याची."

"त्याची म्हणजे? त्याच्या खुणेजवळ जाणारी, तिच्यासाठी नवीन केलेली?"

"नाही गं, त्याचीच."

आत्या उभी होती ती बाकावर बसली. "स्वतःची खूण जिवंत माणूस देत नाही, पोरी," ती म्हणाली. "नवीन करून देतो. स्वतःची मागे राहते. गेलेल्या माणसाची देतात."

हे रिस्तेनला माहीत नव्हतं का? माहीत होतं. बाबांची खूण इस्सातला आली होती, तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि कागदावर शाई वाळेपर्यंत तिनेच तो धरला होता. या विषयावर तिने शहरात व्याख्यान दिलेलं, पडद्यावर कानांची चित्रं दाखवून. तेच तिच्या भावाने तिला साध्या शब्दांत सांगितलं, आणि ती थँक्यू म्हणाली.

तिने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्या दिवसापासून आज चौथा दिवस. पठारावरचा रस्ता बंद, फाटक खाली. वरचा फोनचा मनोरा वादळात पडला म्हणतात, म्हणजे फोन न लागण्याला कारण आहे. कारण आहे याचाच तिला राग येतो. ती स्वतः निघाली असती, फाटकाखालून चालत निघाली असती, पण इंगाला ताप आहे. काल एकोणचाळीस अंश, आज सकाळी एकोणचाळीसच्या वर दोन दशांश. नवरा बोटीवर, उत्तरेकडच्या समुद्रात, पंधरा दिवस यायचा नाही. आत्याचे गुडघे उंबऱ्यापलीकडे तिला नेत नाहीत. रिस्तेन दर अर्ध्या तासाने इंगाच्या काखेत तापमापक ठेवते, आकडा लिहिते, आणि मग फोन लावते. एका वहीत दोन्ही नोंदी. ताप. लागला नाही. ताप. लागला नाही.

बचाव पथकातला मुलगा नवीन होता, दक्षिणेकडचा, स्वभावाने चांगला.

"वादळात असं होतंच, बाई. गेल्या आठवड्यात पेट्रोलपंपावर दिसला होता म्हणे. कळपामागे गेला असेल. वारा पडला की आम्ही जाणारच आहोत."

"त्याने त्याची कानखूण देऊन टाकलीय."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. नीट, पायरी पायरीने, व्याख्यानात सांगितलं होतं तसं. पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. "काय लिहिलंत?" तिने विचारलं.

त्याने वाचून दाखवलं, "बहिणीच्या मुलीला भेटवस्तू दिली आहे."

फोन ठेवल्यावर ती आत्याला म्हणाली, "आत्या, तू ओरड ना माझ्यावर. सांगितलं होतं म्हण."

"ओरडून काय होतंय," आत्या म्हणाली. "मीही त्या दिवशी कॉफीच करत बसले. तुझ्या हातातून ते यंत्र ओढून घ्यायला हवं होतं. आणि त्याने तरी काय एका दारामुळे..." ती पुढे बोलली नाही. आमच्याकडे अशी वाक्यं बऱ्याच घरांत अर्धी राहिलेली आहेत. गावातल्या नेल्लीच्या घरी एक आहे. शाळेशेजारच्या घरी दोन. त्या घरांतले लोक दुकानात भेटतात, हवेबद्दल बोलतात.

परवा रिस्तेनने त्याच्या फोनवर निरोप ठेवायला म्हणून बाबांची पूर्ण कॅसेट लावली. खोकला, कुत्रं, दार, सगळं. अर्ध्यातच फोनमधल्या बाईचा ठरलेला आवाज आला, निरोपांची पेटी भरली आहे. पेटी तिच्याच निरोपांनी भरली होती.

मग तिने गायला सुरुवात केली.

बाबा गेल्यापासून तिने इस्सातला एकदाही गायलं नव्हतं. विणलं होतं, शिवलं होतं, टांगलं होतं. आवाज फाटका निघाला. सूर मात्र जागच्या जागी होते, पायाखालची वाट असावी तसे. तो वर जाणारा झटका, जो त्याच्या पळण्याचा आहे. तो मध्येच अडखळणारा, जो आत्याच्या बुटांचा आहे. इंगा कडेवर, अंग भट्टीसारखं, डोळे आईच्या ओठांवर. खिडकीबाहेर पांढरं. कुंपणसुद्धा दिसत नव्हतं.

"बस कर आता," बऱ्याच वेळाने आत्या म्हणाली. "पोरीला पाणी पाज. घसा फाटेल तुझा."

रिस्तेनने एका हाताने इंगाला पाणी पाजलं आणि गात राहिली. श्वास घेण्यापुरती थांबून म्हणाली, "कुठे तोडू, आत्या?"

बाबांनी कुठे तोडलं होतं ते दोघींना माहीत होतं. दोघींनी दाराकडे बघितलं. दार वाऱ्याने हलत होतं, नुसतं हलत होतं. मग आत्याने गुडघ्यांवर हात टेकले आणि तीही गायला लागली, खालच्या आवाजात, म्हणजे एकीने श्वास घेतला की दुसरी असेल. काल दिवसभर त्या तशाच होत्या. आज सकाळीही शेजारच्या घरापर्यंत ऐकू येत होतं. इंगाचा ताप दुपारी जरा उतरला, अडतीसवर आला. रिस्तेनने तो आकडा वहीत लिहिला, आणि त्याच्या पुढे, लागला नाही.

वारा पडतोय म्हणतात. उद्या फाटक उघडेल कदाचित. पथकाच्या यादीत त्याचं नाव सातवं आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी पठाराच्या रस्त्याने जाणार असेल, माल घेऊन किंवा नुसतं समुद्राकडे, तर एवढं करा. तिसऱ्या पुलानंतर डावीकडे बर्फावरच्या स्कूटरची वाट फुटते. त्या वाटेने वीस मिनिटांवर त्याची लाल छपराची झोपडी आहे, खिडकी एकच. धुराडं बघा. धूर दिसला नाही तरी परत फिरू नका. कुत्री भुंकतील, ती चावत नाहीत. हाका मारा, इस्सात म्हणून, मोठ्याने, आणि उत्तर आलं नाही तरी आत जा. बूट वाजवत जा. दार ढकलताना खालच्या कोपऱ्याला पाय लावा, ते तिथे अडकतं.